मेंदीतला लोखंडाचा कीस

माझा डबा बसच्या पायरीवरून घरंगळला, तेव्हा तो माणूस दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा होता.

पिंपरीच्या थांब्यावर संध्याकाळची गर्दी होती. ज्येष्ठातली रिमझिम चालली होती, सगळ्यांना आत शिरायची घाई. डब्याचं झाकण फिरत फिरत त्याच्या पायाशी गेलं. त्याने ते बुटाने अडवलं. फक्त अडवलं, वाकून उचललं नाही.

"हात नाहीत का तुम्हाला?" मी विचारलं. मला राग आला की मी समोरचा कोण आहे ते बघत नाही.

"आहेत..." तो म्हणाला. "पण पुढे करण्यासारखे नाहीत."

असलं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. मी झाकण उचललं, पदराला पुसलं आणि तोंड फिरवून बसले. पण घर येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. घमेंडखोर मेला, असंही दोनदा मनात म्हणून झालं.

त्याचं नाव भिवा. थेरगावात आईबरोबर राहायचा, एका कारखान्यात लेथवर लोखंड कातायच्या कामाला होता. मी औषधांच्या कंपनीत, इंजेक्शनच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या खात्यात. आमच्या पाळ्या एकाच वेळी सुटायच्या आणि बसही एकच. त्यामुळे भांडण पुढे चालू ठेवायला दोघांनाही रोज वेळ मिळायचा.

"आज डबा नीट धरलाय ना?" तो विचारायचा.

"धरलाय. तुमच्या भरवशावर थोडीच येते मी!"

तो हसायचा. हसला की खाली बघायचा. भर गर्दीतही त्याचे हात खिशातच असत, बस वळली की तो खांबाला खांदा टेकायचा. मला वाटायचं, ही त्याची ऐट. आणि खरं सांगायचं तर ती ऐट मला आवडायला लागली होती. तो रांगेत दिसला नाही की संध्याकाळ रिकामी वाटायची.

एक गोष्ट मात्र मी त्याच्यापासून लपवत होते. डोक्यावरचा पदर मी त्याच्यासमोर कधी ढळू दिला नाही.

विसाव्या वर्षी मला टायफॉइड झाला आणि त्यातून उठले ती पांढरे केस घेऊनच. आता अठ्ठावीस पूर्ण झाली होती. कंपनीत डोक्याला कापडी टोपी असायची, ते बरं होतं. घरी मात्र आरसा होता आणि सोजरमावशी होती. आई गेल्यापासून मावशीच आमचं घर बघायची. संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत तिचा आवाज मावत नसे.

पुण्यातल्या एका कारकुनाचं स्थळ आलं. रविवारी बघायला येतो असा निरोप आला, तशी मावशीने कंबर कसली.

"मेंदी भिजवायची," ती म्हणाली. "आवळकाठी, माका, चहाचं पानी. पर लोखंडाच्या कढईत. आमच्या गावाकडं असंच करत्यात, म्हनून तर केस काळंभोर व्हत्यात."

आमच्याकडे कढई जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. लोखंडाचा तवा होता, तो मावशी केसांच्या कामाला द्यायला तयार नव्हती.

"मग लोखंड टाक त्यात. एवढ्या कारखान्यांच्या गावात ऱ्हातीस, मूठभर लोखंड मिळंना व्हय तुला?"

मला मिळण्यासारखी जागा एकच होती.

"लोखंडाचा थोडा कीस आणाल का?" मी बसमध्ये भिवाला विचारलं.

"कशाला?"

"मावशीला औषधाला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्याने खांद्यावरच्या पिशवीकडे मानेनेच खूण केली. वर्तमानपत्राची पुडी होती. घरी उघडली, तर आत लोखंडाच्या बारीक गोल वळ्या. कुठे निळसर, कुठे जांभळट. नुसता चुरा नव्हता, एकेक वळी वेचून घेतली होती. कागदाला तेलकट डाग पडले होते, तिकडे मी बघितलंसुद्धा नाही. एक वळी मी बाजूला काढून पावडरच्या डब्यात ठेवली. बाकीच्या मेंदीत गेल्या.

गुरुवारी आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी. दुपारभर डोक्यावर चिखलासारखा तो लेप घेऊन मी बसले. धुतल्यावर मावशीने आरसा धरला. केस काळपट झाले होते, कानाजवळचे मात्र तसेच पांढरे राहिले होते.

"शनिवारी आनखी एक हात मारू," मावशी म्हणाली.

शुक्रवारी पहाटेच खाजेने जाग आली.

आधी टाळू, मग कानामागे, मग मानेवर. असं वाटत होतं की डोकं दगडावर घासावं. आमच्या खात्यात टोपीत बोट घालायची सोय नव्हती. हात डोक्याकडे गेला की देखरेखीवरच्या शालनबाई लांबून ओरडायच्या, "प्रभावती, हात खाली!" मी दिवसभर लेबलं लावली आणि दात आवळून धरले. जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. बाटल्या मोजून घेणाऱ्यांना वाटलं, स्थळ मोडलं असेल.

संध्याकाळी बसमध्ये भिवा माझ्या मागे उभा होता. वाऱ्याने पदर सरकला.

"मानेला काय झालंय?"

"उष्णता."

"उष्णतेने अशी पुरळ नाही येत..." त्याचा आवाज एकदम उतरला. "मी ओळखतो ही. खरं सांगा, तो कीस कुठे वापरला?"

बसमध्ये इतकी माणसं, आणि मला त्याच्याशी खोटं बोलता येईना. "मेंदीत," मी म्हणाले. "केसांना लावायच्या. माझे केस पांढरे आहेत."

झालं. जे महिनोन्‌महिने झाकलं, ते एका वाक्यात उघडं पडलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तो आता हसेल, नाहीतर गप्प होईल, असं वाटलं.

"मशीन तापू नये म्हणून आम्ही दुधासारखं तेलपाणी सोडतो," तो हळूच म्हणाला. "कीस त्यातच भिजलेला असतो. मी पुसला होता... पण धुतला नाही. चांगल्या चांगल्या वळ्या वेचण्यात ध्यान गेलं." मग थोडं थांबून म्हणाला, "त्याच तेलाने माझे हात गेलेत."

"बघू?"

"नको. सगळ्यांना दाखवून झालेत. तीन घरी मुलगी बघायला गेलो. डॉक्टर म्हणतो, लागण नाही. पण मुलीच्या घरी डॉक्टर थोडाच बसलेला असतो? शेवटच्या घरी मी चहा प्यालेला कप त्यांनी माझ्यादेखत उकिरड्यावर टाकला. तेव्हापासून हात खिशात."

बुटाने अडवलेलं ते झाकण आठवलं आणि स्वतःचीच चीड आली.

"दवाखान्यात दाखवा," तो म्हणाला. "साबण नको, सोडा तर नकोच. गार पाण्याने धुवा. आणि परत मेंदी लावू नका."

"शनिवारी लावायची आहे. रविवारी पाहुणे येतायत, मला बघायला."

काचेवरचे थेंब खाली ओघळत होते.

"नका लावू," शेवटी तो म्हणाला.

"का?"

"खाज वाढेल."

"एवढंच?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "...एवढंच." आणि स्वतःचा थांबा यायच्या आधीच उतरून पावसात चालायला लागला.

दवाखान्यातून गुलाबी औषध आणलं. शनिवारी संध्याकाळी मावशी लेप घेऊन आली, तेव्हा मी पाट सरकवून दिला. "मी नाही लावणार."

"अगं, कारकून हाय त्यो! पांढऱ्या डोक्याची पोरगी कोन घेईल?"

"जो घेईल तो घेईल. आग होतेय मावशी माझ्या डोक्याची."

बाबा दाराशी वर्तमानपत्र वाचत होते. आमचे बाबा म्हणजे कामाव्यतिरिक्त दिवसात दहा शब्द बोलणारा माणूस. ते म्हणाले, "डोकं तिचं आहे, सोजरबाई." आणि पान उलटलं.

रविवारी मी रजा घेतली होती. पाहुणे आले. कारकून, त्याचा भाऊ आणि आत्या. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं. मग आत्याबाई म्हणाल्या, "केस सोड गं बाळ, लांबी बघू."

बाबांचा चेहरा कठोर झाला. "आपल्यात आता ही पद्धत नाही," ते म्हणाले.

"नुसतं बघतो हो. त्यात काय एवढं?"

मी अंबाडा सोडला. रागाने सोडला, हे खरं. काळे, पांढरे, तांबूस असे सगळे पट्टे खांद्यावर पडले. भांगात पुरळ होती आणि तिच्यावर वाळलेलं गुलाबी औषध. आत्याबाईंनी पोह्यांची बशी चटकन स्वतःकडे ओढली.

"रोग आहे की काय डोक्यात?"

कारकून आपल्या बुटांकडे बघत होता. चहा तसाच टाकून ते गेले. मला त्या माणसाशी लग्न करायचं नव्हतं, तरी फार वाईट वाटलं. ओढून घेतलेली ती बशी डोळ्यांपुढून जाईना. भिवाने तर अशी तीन घरं सोसली होती.

सोमवारी तो थांब्यावर माझ्याआधी येऊन उभा होता.

"ठरलं?"

"मोडलं. केस सोडायला सांगितले."

त्याचा चेहरा पडला. "माझ्यामुळे झालं."

"हो. तुमच्यामुळेच."

"मग आता माझं तोंड बघू नका."

"तोंड नाही बघायचं," मी म्हणाले. "हात बघायचेत. गुरुवारी सुट्टी आहे. घरी या."

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, एकटाच, हात खिशात. मावशीने चहा समोर ठेवला. त्याने कप उचलला नाही. मी समोर बसले, केस मोकळे सोडून.

"बघायला आलं की मुलीला केस सोडायला सांगतात," मी म्हणाले. "मुलाला काय सांगतात?"

"पगार विचारतात."

"मला पगार नको. हात दाखवा."

मावशीचा हात तोंडावर गेला. भिवा माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने दोन्ही हात काढून गुडघ्यांवर उताणे ठेवले. तळवे भेगाळलेले, बोटांची सालं निघालेली, कडा लालभडक. उन्हाळ्यातल्या शेतासारखे कोरडे ठक्क.

मी कप उचलून त्या हातांत ठेवला. "घ्या. गार होतोय."

तो अर्धा चहा प्याला आणि थांबला. मी कप काढून घेतला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

मग बाबा उठले, चपला घातल्या. "सोजरबाई, चला जरा. साखर संपली असेल."

"अवं, डबा भरल्याला हाय की!"

"चला म्हणतो ना."

मावशीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्या हातांकडे. मग पदराने डोळे टिपत पिशवी घेतली. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

"प्रभा," तो पहिल्यांदाच असं म्हणाला. "त्या दिवशी बसमध्ये... एवढंच नव्हतं."

"माहीत आहे."

"अजून दुखतंय?"

"खाजतंय."

त्याने हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबवला. "टोचेल."

"टोचू दे."

त्याने माझ्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. टोचत होता. मी जागची हलले नाही.