ओले प्लग

हेल्वीनं गाडी आणली ती सोमवारी, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला बांधून. वर्षभर झाकून ठेवलेली, आता चालवायला काढली तर थंडीत सुरूच होत नाही, आणि आत बसलं की पेट्रोलच्या वासानं डोकं उठतं, अशी तिची तक्रार. आल्पोनं सवयीनं किलोमीटरचा आकडा टिपून ठेवला. बत्तीस वर्षं तो फिनलंडच्या या कोपऱ्यात गॅरेज चालवत होता, जुन्या गाडीचं दुखणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. पण गाडी आत घेताना त्यानं हेल्वीकडे एकदाही पाहिलं नाही.

गाडी रेइनोची. हेल्वीचा नवरा आणि आल्पोचा शाळेपासूनचा दोस्त. गेल्या फेब्रुवारीत उणे एकतीस अंशांच्या थंडीत तो तळ्यावर गेला, बर्फाला भोक पाडून मासे धरायला. घरी गाडी रात्रभर अंगणातल्या विजेच्या खांबाच्या वायरला जोडलेली असायची, इंजिन कोमट राहायचं. तळ्यावर कुठला आलाय खांब? गाडी लागेना, तेव्हा पठ्ठ्या चालत निघाला. घर अकरा किलोमीटरवर. सातव्या किलोमीटरला सापडला.

"त्यालाच जमलं नसेल," हेल्वी गॅरेजातली कॉफी घेताना म्हणाली. "घाबरला असणार. सेल्फ मारमारून बॅटरी उतरवली. मला अजून राग येतो त्याचा."

आल्पोनं कप बाजूला ठेवला. तळ्यावर जायच्या आदल्याच दिवशी रेइनो गाडी दाखवायला आला होता. कार्बोरेटरची सुई झिजलीय, पेट्रोल आधीच जास्त येतंय, हे आल्पोला वासावरूनच कळलं होतं. पण शनिवार होता, घरी सौना, वाफेच्या अंघोळीची खोली, तापत ठेवलेली. त्यानं हसत सांगितलं, "काही नाही रे, लेका. चोक पूर्ण ओढ आणि ॲक्सिलरेटरवर पाय पाचदा दाब. नाही लागली तर परत पाचदा." अशानं इंजिन पेट्रोलनं बुडतं, हे काय आल्पोला माहीत नव्हतं? कंटाळा केला, दुसरं काय! दफनाच्या दिवशी हेल्वीला हे सांगायचंच म्हणून गेला, आणि तिनं पुढे केलेला केक खाऊन मुकाट परत आला.

मंगळवारी त्यानं सुई बदलली, नळ्या बदलल्या, नवे प्लग घातले, बॅटरी भरली. गाडी पहिल्या झटक्याला लागली. वास नाही.

बुधवारी सकाळी दार उघडताच पेट्रोलचा भपका आला. चोक पूर्ण बाहेर ओढलेला. प्लग ओले. बॅटरी उतरलेली. किल्ली आल्पोच्या खिशात होती आणि गॅरेजचं कुलूप जागच्या जागी. आपणच विसरलो असू, वय झालं आता, असं म्हणून त्यानं प्लग वाळवले, बॅटरी पुन्हा भरली. संध्याकाळी चोक आत ढकलला, बॅटरीची वायरच काढून टाकली आणि घरी गेला.

गुरुवारी वायर तशीच सुटी लोंबत होती. चोक बाहेर. प्लग ओले. बॅटरी उतरलेली. ॲक्सिलरेटरच्या पेडलवर वितळलेल्या बर्फाचं पाणी, आणि त्यात माशाचा एक खवला.

आल्पो स्टुलावर बसला. निदान करायला अवघड काहीच नव्हतं. कुणीतरी चोक पूर्ण ओढतंय, पाचदा दाबतंय, सेल्फ मारतंय. नाही लागली की परत पाचदा. सांगितलेलं तंतोतंत पाळतंय.

संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी तो गाडीत बसला. चालकाच्या जागेवर बसायची हिंमत झाली नाही, शेजारी बसला.

"रेइनो, मी चुकीचं सांगितलं," तो म्हणाला. "मला माहीत होतं, तरी सांगितलं. चोक आत ढकल. पाय पूर्ण खाली दाब, उचलू नकोस. मग सेल्फ मार."

तो रडला. मग लाज वाटून उठला, कुलूप लावलं.

शुक्रवारी वास नव्हता.

रात्री पडलेलं बर्फ दारापुढे कोरं होतं. चोक आत. प्लग कोरडे. वायर सुटीच. त्यानं इंजिनावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. गरम.

सोमवारी टिपलेल्या आकड्याशी त्यानं मीटर ताडून पाहिला. अकरा किलोमीटर जास्त.

फोन वाजला. हेल्वी होती. आवाज शांत.

"आल्पो, पाय पूर्ण खाली दाबायचा आणि उचलायचा नाही, म्हणजे काय रे?"

"तुला कुणी सांगितलं?"

पलीकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाकीचं तूच सांगायचंस म्हणे," ती म्हणाली. "ये लवकर. कॉफी टाकलीय तिघांची."