केतकीसाठी उघडं दार

आंबेतळीत ऊन पडलं होतं आणि गावाला पूर आठवत होता.

टेकडीवरच्या मनोऱ्यातून मंद गुंजारव सुरू झाला, की हातातली कामं आपोआप थांबत. डोळे मिटत, आणि जो तो आपापला पूर पाही: ओटीवर चढणारं गढूळ पाणी, तरंगणारी भांडी, हाका. यातलं काहीच घडलेलं नसे. घाटमाथ्यावर ढगफुटी झाली, की यंत्र गणित मांडी. कुठली भिंत बसेल, कोण कुठे अडकेल, हे सारं ते घरागणिक काढी आणि मेंदूत जुनी आठवण म्हणून उतरवी. डॉ. नीलांबरी दामले याला 'पूर्वस्मरण' म्हणत. अजून न घडलेल्याची आठवण.

त्याआधी साध्या सूचना देऊन झाल्या होत्या. सूचना आली की माणसं ओटीवर येत, शेजाऱ्याकडे बघत. शेजारी त्यांच्याकडे बघत असे. कुणीच हलत नाही म्हटल्यावर दोन्ही घरांत चहा टाकला जाई. ज्यानं एकदा पूर भोगला आहे तो मात्र कुणाची वाट बघत नाही, हे नीलांबरीबाईंनी हेरलं आणि सगळ्या गावाला न भोगलेला पूर भोगायला लावला. कल्पना भन्नाट होती, यात वाद नाही. गेल्या पावसाळ्यात अख्खं गाव वेळेवर टेकडीवर चढलं आणि एकही जीव गेला नाही.

यंदाही सगळे चढले. सुलभा घाग तेवढी आली नाही. तिची मुलगी केतकी एकटीच वर आली आणि आई घर सोडत नाही म्हणाली. नीलांबरीबाई तिला घेऊन धावतच खाली गेल्या.

दार सताड उघडं होतं, मिटू नये म्हणून वरवंटा लावून ठेवलेलं. सुलभा उंबऱ्यावर शांत बसली होती. ते दार बघून बाईंच्या ध्यानात आलं: यंत्रानं सुलभाला दिलेल्या पुरात केतकी तिच्या हातातून वाहून गेली होती. नदीत गेलेलं माणूस सापडलं नाही, तर दुसरा पावसाळा सरेपर्यंत त्याच्यासाठी दार उघडं ठेवायचं आणि घर रिकामं सोडायचं नाही, ही आंबेतळीची रीत. ती त्यांनी ऐकली होती. यंत्राला मात्र सांगायची राहिली होती.

"सुलभाताई, तुमची केतकी ही काय, तुमच्यासमोर उभी आहे."

"दिसतंय की. गुणाची पोर आहे. मीच हिच्या वेण्या घालते," सुलभा मायेनं म्हणाली. "पण ही टेकडीवरनं आली, डाक्टरबाय. माझी पाण्यातनं यायची आहे."

बाईंनी पुन्हा पुन्हा समजावलं. ती आठवण खरी नाही, आपणच ती बनवली, केतकीचा हात कधी सुटलाच नव्हता. सुलभानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग स्वतःचा तळवा उलटसुलट करून पाहिला.

"आठवण तुम्ही बनवलीत. बोटं माझ्या हातातनं सुटली."

बाईंना स्वतःचीच भीती वाटली. नदीचा आवाज वाढला होता. त्यांनी सुलभाला दंड धरून ओढलं, पण तिनं दुसऱ्या हातानं चौकट घट्ट धरली आणि पोरीला घेऊन जा, एवढंच सांगितलं. पाणी अंगणात शिरलं तेव्हा बाईंनी केतकीला उचललं आणि चढण गाठली.

वळणावरून घर स्पष्ट दिसत होतं. ऊन तसंच होतं, त्यात पाणी सोनेरी दिसत होतं. सुलभा उठून पायरीवर आली. पाणी तिच्या घोट्यांना लागलं तशी ती हसली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

"केतकी, ये गं."

"आले गं आई," केतकी वरून ओरडली.

सुलभानं एकदा मान वर करून पोरीकडे पाहिलं. ओळखीचं हसली, तिनं गप्प राहावं म्हणून बोट ओठांवर ठेवलं, आणि पुन्हा पाण्याकडे कान लावला.