पैठणचा किडा पाचोडात

"काय हरवलं मॅडम? कानातलं?"

दीपमालानं मान वर केली. पाचोडच्या बाजाराबाहेर, हातात चिमटा घेऊन ती शेणापाशी उकिडवी बसली होती. दुधाच्या गाडीतून एक तरुण हसत होता.

"शेणकिडे शोधतेय," ती वैतागून म्हणाली. "पीएचडी चालू आहे माझी."

"शेणात? मग आमच्या गोठ्यात या... लई मोठ्या डॉक्टर व्हाल!"

त्याचं नाव गोकुळ. रोज गावोगावचं दूध घेऊन तो शहरात यायचा. त्या दिवसापासून औरंगपुऱ्यातल्या तिच्या कॉलेजात तो किड्यांच्या बाटल्याही आणू लागला, प्रत्येकीवर गावाचं नाव लिहून. दीपमाला एकेक किडा भिंगाखाली धरायची—शिंग सरळ की वाकडं, पुढच्या पायाला दाते तीन की चार—आणि नकाशावर त्या गावी ठिपका द्यायची. दिसायला सगळे सख्खे भाऊ; पण तिची ओळख कधी चुकत नसे. हल्ली मात्र दाते मोजता मोजता नजर गोकुळच्या गालावरच्या खळीकडं जायची... आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून!

मग एका बाटलीनं घोळ घातला. चिठ्ठीवर 'पाचोड', आत वाकड्या शिंगाचा किडा. हा तर तिला आजवर फक्त पैठणला, गोदाकाठी सापडलेला! तिचे पीएचडीचे सर खूश झाले. "नवी नोंद! छापायला पाठवू." तिला मात्र पटेना. तीन दिवस तिनं पाचोडचे गोठे पालथे घातले. सरळ शिंगाचे ढीगभर, वाकड्याचा एकही नाही.

चौथ्या दिवशी तिनं गोकुळला गाठलं. "खरं सांगा, कुठला हा?"

तो गाडीच्या आरशाशी चाळा करत राहिला. "...पैठणचा."

"मग पाचोड का लिहिलंत? माझा सगळा नकाशा खोटा ठरला असता!"

"नेहमीचा किडा आणला की तुम्ही दोन मिनिटांत वाटंला लावता. येगळा निघाला की अर्धा तास बोलता..." त्यानं मान खाली घातली. "चुकलं माझं. उद्यापासून नाय येणार."

दीपमालानं नकळत गाडीचं दार घट्ट धरून ठेवलं. राग तर खरा होता—मग हे काय? किड्याकिड्यातला फरक क्षणात सांगणारी ती, स्वतःच्या मनातलं काही तिला ओळखू येईना.

"तुमच्या सगळ्याच बाटल्यांची आता खात्री करावी लागेल," ती कशीबशी म्हणाली. "गावोगाव जाऊन."

"मी नेतो की!"

"न्यायलाच हवं... आणि वाटेत—किडा नसला तरी बोलेन मी."

गोकुळनं हळूच वर पाहिलं. "किती येळ?"

"चाळीस गावं आहेत, गोकुळ. तूच मोज."

'तू' कसं निघून गेलं, तिचं तिलाच कळलं नाही. आणि चाळीस गावं कमीच पडतील, असं उगाच वाटून गेलं.