कोरी पाठ

चाकणच्या एका कंपनीत मी मोजमापाच्या विभागात काम करते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर माझ्याबरोबरचे बरेच जण शिकवायला गेले. मी गिअर तपासते. एखादा पृष्ठभाग सपाट आहे का, हे बघायची आमची रीत जुनी आणि साधी आहे. त्यावर धारदार कडेची स्टीलची पट्टी उभी ठेवायची आणि पलीकडून येणारा उजेड बघायचा. पट्टी टेकली असेल तर काळोख. टेकली नसेल तर केसासारखी प्रकाशाची रेघ. मग त्या फटीत स्टीलची पातळ पाती सरकवून फट किती आहे ते ठरवायचं. नवी मशीनं आली आहेत, पण शंका असली की मी अजून उजेडालाच विचारते.

मार्चमध्ये आमच्या दिघीच्या घरी चऱ्होलीहून एक पत्रिका आली. गावात रणजीत पैलवानांच्या नावाची कमान उभी राहणार होती. त्यांच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं : ज्यांची पाठ कधी मातीला लागली नाही.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्रिका वाचून चहाच्या कपाखाली सारली.

"लागली होती. मी लावली होती."

"झालं सुरू," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तीस वर्षं त्या पैलवानाची पाठ ऐकतेय. माझी दुखते, ती कधी विचारली का?"

गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. चऱ्होलीच्या जत्रेतली शेवटची कुस्ती. अण्णांनी ढाक हा डाव मारून रणजीत पैलवानांना उताणं पाडलं आणि छातीवर दाबून धरलं. त्या आखाड्याचा दंडक असा, की सलामीला अंगभर माती चोळायची, पण पाठीला नाही. पाठ पंचांसाठी कोरी ठेवायची. पंचांनी पैलवानांना उठवून पाठ बघितली. मातीचा कण नव्हता. त्यांनी कुस्ती पुढे चालू केली. अण्णा तोवर हात वर करून लोकांकडे बघत होते. पुढच्या झटक्यात ते स्वतःच चितपट झाले. त्यानंतर ते आखाड्यात उतरले नाहीत. भोसरीच्या कंपनीत लागले, तिथूनच निवृत्त झाले. पण कुठल्याही लग्नात पंगत बसली की कुणीतरी विचारायचंच, "काय अर्जुनराव, लागली का पाठ?" आणि सगळे हसायचे. अण्णाही हसायचे, आणि घरी येईपर्यंत बोलायचे नाहीत.

अण्णा खोटं बोलत नाहीत. पण त्यांना तसं वाटलं म्हणून तसं झालं, असं मी म्हणू शकत नव्हते. कमानीवर तीच ओळ कोरली जाण्याआधी मला काय ते पक्कं करायचं होतं.

कमानीच्या समितीतल्या ज्ञानेशने त्या कुस्तीची जुनी कॅसेट मोबाईलवर उतरवून गावच्या ग्रुपवर टाकली होती. मी ती लॅपटॉपवर घेतली आणि एकेक चित्र थांबवत पाहिली. उन्हं कलली होती. कॅमेरेवाला मावळतीकडे तोंड करून जमिनीलगत बसला होता. अण्णा छातीवर. पैलवानांचे पाय हवेत, मान उचललेली. आणि खांद्यापासून कमरेपर्यंत, पाठ आणि माती यांच्या मध्ये, केसासारखी प्रकाशाची रेघ.

चित्र धूसर होतं, कॅसेट जुनी होती. मी स्वतःला तेच सांगितलं. पण पुढच्या प्रत्येक चित्रात रेघ तेवढीच होती. अण्णा सगळ्या वजनानिशी दाबत होते आणि ती जराही बारीक होत नव्हती. पाठ कशावर टेकली आहे, हे मला कुठेच दिसत नव्हतं.

मी अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"म्हणजे मी खोटा?"

"नाही. तुम्ही पाडलंत, अण्णा. पण लागली नाही."

"दोन्ही खरं कसं असेल?"

"तेच बघायला जाऊ," मी म्हणाले, आणि कंपनीतला पात्यांचा संच पर्समध्ये टाकला.

रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून चऱ्होलीला गेलो. पैलवानांची तालीम आता तीन उंच इमारतींच्या मधोमध आली आहे. बाहेर काँक्रीटच्या गाड्या घरघरत होत्या. आत मात्र आवाज पुसल्यासारखा थांबायचा. पत्र्याखाली लाल मातीचा हौदा होता. ताक, हळद आणि कापूर यांचा आंबट-गार वास. पूर्वेच्या दारातून ऊन मातीवर लांबवर पसरलं होतं.

भिंतीला तीन खुर्च्या होत्या. पैलवान स्टुलावर बसले होते.

"अर्जुना!" ते उठले. "म्हातारा झालास की रं."

"तू बी काय बाळ न्हाईस," अण्णा म्हणाले. घरी ते असं बोलत नाहीत.

पैलवानांच्या पत्नी, गोजाबाई, दाराशी कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातात पैलवानांचा बनियन होता. गळा फाटलेला, पोटाकडे पिवळा पडलेला. पाठ मात्र दुकानातून आणल्यासारखी पांढरी. मी बघतेय हे त्यांना कळलं.

"पाठ घासावीच लागत न्हाई, पोरी. लग्न झाल्यापासनं न्हाई," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

मी पैलवानांना सरळच सांगितलं, की मला तुमची पाठ टेकते का ते मोजायचं आहे. मला वाटलं होतं, ते हाकलून देतील. ते शर्ट काढून मातीवर उताणे झाले.

मी हौद्यात पाय ठेवणार, तोच थांबले. बाई माणसाने हौद्यात उतरायचं नसतं, असं लहानपणापासून ऐकलं होतं.

"उतर," अण्णा म्हणाले. "पंच हायेस तू."

मी पोटावर झोपून गाल मातीला लावला. दारातला उजेड पलीकडून येत होता. रेघ होती. मी सर्वांत पातळ पातं सरकवलं. ते आत गेलं. मग त्याहून जाड. मग सगळ्यात जाड. पातं खांद्याखालून कमरेपर्यंत कुठेही अडलं नाही. मी त्यांना पाय उचलायला सांगितलं, मग डोकं. रेघ तशीच राहिली. मी पातं बाहेर काढलं.

"आता लिव्ह तुझ्या वहीत," पैलवान वर पत्र्याकडे बघत म्हणाले. "गादीवर पडतो, पण गादी भेटत न्हाई. भिंतीला टेकतो, भिंत भेटत न्हाई. झोप म्हंजे काय, मी इसरलोय."

"कधीपासून?" मी विचारलं.

"माझ्या वस्तादांचीबी अशीच ख्याती व्हती. अजिंक्य. एक दिवस पहाटं त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, रणजीत, मला टेकव. मी टेकवलं. ते तिथंच, मातीत, गाढ निजले. मी तवा बावीस वर्सांचा. मला वाटलं, आता आपल्यात ताकद आली."

अण्णा शर्टाची बटणं काढत होते.

"अण्णा, तुमचं वय—"

"गप. पाठ बघ फक्त."

पैलवान उठून बसले. "मी मुद्दाम पडणार न्हाई, अर्जुना. तसं चालत न्हाई. आन पाडलंस तर... इचार कर."

"तीस वर्षं तेवढाच केला," अण्णा म्हणाले.

मला तेव्हाच थांबवता आलं असतं. पण मीसुद्धा त्या रेघेचाच विचार करत होते.

दोघांनी सलामी दिली. छातीला, दंडाला माती चोळली. पाठ कोरी ठेवली. गोजाबाई ओला बनियन हातात धरून काठावर उभ्या राहिल्या.

दोन म्हातारे. श्वासांची धाप. मातीवर घासणारे पाय. अण्णांचा गुडघा एकदा दुमडला आणि पैलवानांनी त्यांना जवळजवळ पालथं केलं. अण्णा निसटले. पुन्हा भिडले.

मग ढाक. तीच, कॅसेटमधली.

पैलवान उताणे पडले. मी गाल मातीला लावला.

रेघ होती.

"बघ!" अण्णा ओरडले.

"आहे अजून!"

त्यांनी छाती छातीला लावली. मानेच्या शिरा फुगल्या. पैलवान सगळं बळ लावून झुंजत होते, आणि डोळ्यांनी मात्र विनवत होते.

रेघ थरथरली.

एका टोकाला विझली.

मग सगळीकडे काळोख.

पैलवानांच्या तोंडून बारीक आवाज आला, थंड पाण्यात उतरताना येतो तसा. अण्णा बाजूला झाले. मी पैलवानांना कुशीवर वळवलं. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठ लालभडक मातीने भरली होती.

गोजाबाई हौद्यात उतरल्या. त्यांनी त्या मातीवर तळवा ठेवला, ठेवूनच बसल्या.

"गरम हाय," त्या म्हणाल्या.

पैलवान पुन्हा उताणे झाले आणि तिथेच घोरू लागले.

दोन दिवसांनी ज्ञानेशचा फोन आला. अण्णांनी मुद्दाम स्पीकर चालू केला. "काका, पैलवान स्वतः येऊन सांगून गेले. अर्जुनरावांनी पाठ लावली म्हणाले. ती ओळ काढतोय आम्ही कमानीवरची. राव, तुम्ही तर कमालच केलीत!"

"ऐकलंस का?" अण्णांनी आईला विचारलं.

"ऐकलं बाई. आता तरी माझी विचारा."

त्या रविवारी अण्णांनी जिलेबी आणली. जेवण झाल्यावर ते नेहमीसारखे दिवाणखान्यात उघड्या अंगाने फरशीवर उताणे झाले. एप्रिलचं ऊन होतं, पंखा फिरत होता. आई भांडी आवरत होती. मी सोफ्यावर बसून वाचत होते.

"डोळा लागत नाहीये," अण्णा म्हणाले. "आठवडा झाला. आनंदानं असेल."

"पडून राहा."

"फरशीपण आज गार लागत नाहीये गं."

मी पुस्तक खाली घेतलं. टीपॉयखाली जिलेबीचा तुकडा सांडला होता आणि दाराच्या फटीतून त्याच्याकडे मुंग्यांची रांग निघाली होती. वाटेत अण्णा होते. रांग त्यांच्या डाव्या बरगडीपाशी पोचली. थांबली नाही, वळली नाही. ती आत गेली, आणि उजव्या बरगडीखालून, तशीच सरळ, बाहेर आली.