उद्याची यादी

“बाई, माझी धाकटी बहीण सोमवारी क्लासहून परतलीच नाही. मेसेज मात्र येतात,” थोरली म्हणाली. ती शिवणकाम करायची; बोटाला अजून पट्टी होती.

मेसेज येतात म्हणजे पोरगी सुखरूप आहे, असं म्हणून ठाण्यातल्या सगळ्यांनी हात झटकले होते. आज शुक्रवार. फौजदारबाईंनी थोरलीचा फोन जवळ ओढला.

बुधवारी संध्याकाळचा मेसेज इंग्रजीत होता: ‘टेक इट इझी. हँगिंग आउट विथ फ्रेंड्स. नो बिग डील.’

“इंग्रजीत का?”

“सराव म्हणून. पण तिचं इंग्रजी म्हणजे आनंद. एकदा सायबांना ‘चिल’ म्हणाली. हे मात्र सगळं जागच्या जागी आहे.”

बाईंच्या कपाळाला आठी पडली. हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

बाई थोरलीला घेऊन धाकटीच्या क्लासवर गेल्या. ग्राहकांचे फोन घेणाऱ्या त्या कंपनीत मास्तर नव्या मुलींना बोलीभाषेतलं इंग्रजी शिकवायचे. रोज तीन नवे शब्दप्रयोग, कुणाशी वापरायचे आणि कुणाशी नाही यासकट.

“ती सोमवारी कधी गेली?” बाईंनी मास्तरांना विचारलं.

“सहाला, सगळ्यांबरोबर.”

“रोजची यादी कुठल्या पुस्तकातून घेता?”

मास्तर दुखावले. “पुस्तक? आदल्या संध्याकाळी मी स्वतः करतो. वाक्यात वापरून बघतो, मगच सकाळी फळ्यावर. तोवर कुणाला दाखवत नाही.”

बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीची वही मागितली. गुरुवारचं पान काढलं आणि बराच वेळ तिथंच थांबल्या. मग शिपायाला मास्तरांच्या टेबलाचा खण उघडायला सांगितलं. आत धाकटीचा फोन सापडला.

“टेक इट इझी, हँग आउट, नो बिग डील,” बाईंनी वही पुढे केली. “तुमची गुरुवारची यादी, याच क्रमानं. मेसेज बुधवारचा आहे. तेव्हा ही यादी जगात एकाच माणसाला ठाऊक होती. पोरगी जिवंत असल्याचं भासवायला बसलात आणि सवयीनं उद्याचा धडा तपासून घेतलात.”

मास्तर खुर्चीत बसले.

“ती वर तक्रार करणार होती,” ते म्हणाले. “मी संध्याकाळी थांबवून घ्यायचो, त्याची. जिन्यात हात धरला, ती सुटायला गेली, खाली पडली... तळघरातल्या अडगळीत आहे.”

शिपाई किल्ल्या घेऊन खाली धावला. बाईंना घाई वाटेना. चार दिवस झाले होते.

थोरली दाराशी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. बाईंनी तिचा हात धरला.

“काल रात्री मी विचारलं होतं, जेवलीस का,” ती म्हणाली. “‘हो’ आलं. तेवढ्यावर मी निवांत झोपले, बाई.”