दोन आवाजांमधलं अंतर

गोफणीला हिसका दिला की दोरीचं टोक फट्ट वाजतं. पाखरं दगडापेक्षा त्या आवाजालाच जास्त भितात.

त्या साली नांदूरघाटच्या शिवारात एकही बंदूक नव्हती. पोलीस पाटलाची ठासणीची होती, ती पावसाळ्यातच दुरुस्तीला बीडला गेलेली.

अर्जुनराव म्हणजे भर उन्हातही अंगातला खाकी कोट न काढणारा माणूस.

गोळी डोक्यावरून गेली की आधी फट्ट वाजतं. मग लांबून, उखळात मुसळ पडावं तसं, धप्प. पहिला आवाज गोळीचा, दुसरा बंदुकीचा. मधलं अंतर जितकं कमी, तितकी बंदूक जवळ. आणि ज्याला लागते, त्याला फट्ट ऐकूच येत नाही.

हे सगळं अर्जुनराव पहिल्या महायुद्धात, बसऱ्याच्या लढाईत शिकला. नगरला जाऊन पलटणीत भरती झालेला तो, लढाई संपल्यावर कोट तेवढा घेऊन गावी परतला होता.

माघातली दुपार. ज्वारी हुरड्याला आलेली. त्याची बायको तुळजाबाई राखणीच्या माळ्यावर बसली होती, तो खाली बांधावर विळा घासत होता. डोक्यावर फट्ट वाजलं.

"कुठं बसलीत गं पाखरं?"

"मी कुठं गोफण फिरवली? हात बघा की माजे." तिच्या हातात भाकरी होती.

तेवढ्यात डोंगराकडून धप्प.

"हां, ह्ये ऐकलं," ती म्हणाली. "विहिरीला सुरुंग लावला असंल कुनी."

मधल्या वेळात गोफण चार-पाच फेरे फिरली असती. लांब आहे, अर्जुनरावानं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी फेरे कमी झाले. मग आणखी कमी. पाखरं मात्र एकदाही उडाली नाहीत. कणसावरची चिमणी कणसावरच दाणे टिपत राहायची.

तो डोंगरावर गेला. तिथं म्हाळू धनगर मेंढरं चारत होता.

"सुरुंग? हितं?" म्हाळू हसला. "आवाज तर तुमच्याच रानातून येतोय, मालक. आमी म्हनलं, लढाईवरून बंदूक आनली जनू. एखादा ससा आमाला बी धाडा की."

अर्जुनराव हसला नाही. तडक रानात आला.

"उतर खाली. आता माळ्यावर मी बसनार."

"कावून?"

"गोळ्या तुज्या डोस्क्यावरून जायल्यात."

"लढाई तिकडंच ठिवून यायची हुती, धनी. मला तर निसतं धप्प ऐकू येतंय, दुसरं काय बी न्हाई." पण त्याचा चेहरा पाहून ती मुकाट्यानं उतरली.

तो माळ्यावर उभा राहिला. ताठ, कोटाची सगळी बटणं लावून. तिच्याच जागी उभं राहायचं; मग गोळी कुणासाठी आहे ते कळेल.

ज्वारी हलत नव्हती. ऊन पानांवर चिकटून बसलं होतं.

धप्प.

अगदी जवळ. खालच्या ज्वारीच्या ताटांतून.

तो वाट पाहत राहिला. मागं काही आलं नाही. आधीही काही आलं नव्हतं.

"तुळजे."

"जी."

"आज बी धप्पच ऐकलं न्हवं तू? निसतं धप्प?"

ती वर बघत होती. चिमण्यांचा अख्खा थवा ज्वारीतून उठून तिच्या डोक्यावरून गेला.

"न्हाई," ती म्हणाली. "आज दोन आले. आदी फट्ट वाजलं, गोफणीवानी. तुमच्या मागून."

त्यानं कोटाची बटणं एकेक करून सोडली. मग पाठ तिच्याकडं करून खाली बसला.

"वर ये. कोट उचलून बघ जरा."

ती शिडी चढली. कोटाच्या कडेला हात घातला.

दिवाळीला तिनं हा कोट धुतला, तेव्हा पाठीवर, उजव्या खांद्याखाली एक गोल भोक होतं. ते तिनं दोऱ्यानं शिवून टाकलं. अर्जुनरावाच्या पाठीवर तेव्हा साधा ओरखडाही नव्हता. आता शिवण जशीच्या तशी होती; पण कोटाखाली, नेमकं त्याच जागी, तिच्या हाताला ओलं, गरम लागलं.