रिकाम्या बसचे थांबे

तो चष्म्याच्या दुकानात शिरला तेव्हा मास्कमधल्या वाफेने त्याच्या चष्म्याच्या काचा पार धुरकटल्या होत्या. चाचपडत आला आणि थेट आरशाशीच बोलायला लागला.

“मी इकडे आहे,” ती म्हणाली.

“अरेच्चा! मग ते देखणे गृहस्थ कोण?”

किती दिवसांनी हसली ती! तिने चष्म्याची नाकावरची पकड घट्ट करून दिली. तो बसड्रायव्हर होता. साथ आल्यापासून रिकामी बस फिरवत होता.

“भीती नाही वाटत?”

“भ्यायला तरी सोबत हवी ना कुणाची...” असं म्हणून तो गेला, आणि ती उगाचच दाराकडे बघत राहिली.

मग तो घोळ झाला. बाबांच्या या दुकानाचं फेसबुक पान तीच सांभाळायची. एका दुपारी, स्वतःच्या खात्यावर आहोत असं समजून तिने लिहिलं, ‘आज पुन्हा कारण नसताना रडले. तुम्ही सगळे ठीक आहात? मी नाहीये.’ आणि ते झळकलं दुकानाच्या पानावर, ‘नव्या फ्रेम आल्या’च्या डोक्यावर!

बाबांचा पारा चढला. “चव्हाट्यावर रडगाणं? लोक म्हणतील, हिचंच डोकं ठिकाणावर नाही, ही आमचे डोळे काय तपासणार! दुकान बसेल अशाने. काढ ते आधी!”

काढून टाकायला म्हणून तिने पोस्ट उघडली, आणि... बघतच राहिली.

ज्यांना बघून पोरं चळाचळा कापायची, त्या गणिताच्या मास्तरांनी लिहिलं होतं, ‘मीही नाही. हिला जाऊन वर्ष झालं, अजून चहा दोघांचा टाकतो.’ खाली व्यायामशाळेवाला दांडगोबा म्हणत होता, ‘मास्तर, उद्या फोन करतो. मलाही घरात बसून धडधडतं. कुणाला सांगू नका.’ सगळ्यांदेखत! माणसं येतच होती. तोंडं झाकलेली, मनं मात्र सताड उघडी. एवढं सगळं रोज आपल्या दारावरून मुकाट जात होतं?

आणि अगदी शेवटी... ‘रिकाम्या बसमध्येही मी प्रत्येक थांबा मोठ्याने पुकारतो. कुणीतरी ऐकावं म्हणून. ही पोस्ट काढू नका हं.’

“बाबा, मी नाही काढणार.” तिने मोबाईल त्यांच्या हातात दिला.

बाबा वाचत गेले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. शेवटी एका बोटाने, अडखळत त्यांनीही लिहिलं, ‘मीही नाही.’

दुसऱ्या दिवशी ती बसच्या मागच्या दाराने चढली आणि गुपचूप शेवटच्या सीटवर बसली.

“वाचनालय!” पुढून आवाज आला.

“ऐकलं!”

बस गचकन थांबली. आरशात दोन डोळे वर झाले. चष्मा आज लख्ख होता.

“तुम्ही? कुठे... कुठे उतरायचंय?”

“सगळे थांबे ऐकल्याशिवाय नाही सांगणार.” मग ती म्हणाली, “पण मी अजून ठीक नाहीये हं.”

“मीही नाही,” तो म्हणाला. “पुढे येऊन बसा ना.”

ती पुढे आली. त्याने पुढचा थांबा पुकारला... या वेळी हळू, तिच्यापुरता.